गहू फुलोऱ्यात आहे, आभाळ आलंय – बुरशीनाशक मारायचं की थांबायचं?

गोदाकाठ (कोपरगाव)

रामराम मंडळी. अडीच एकर गहू आहे. एक एकर लोक-१, घरचंच बियाणं (आमच्या आईला पोळीला तोच लागतो), आणि दीड एकर फुले समाधान. पेरणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. दोन्हीकडे ओंब्या निसवून झाल्या, आता मधोमध बारीक पिवळी फुलं लोंबताना दिसतायत. पाणी परवाच दिलं.

तीन दिवस झाले, आभाळ हटत नाही. सकाळी दहापर्यंत पानं ओली असतात. गावातल्या दुकानात गेलो तर त्याने प्रोपिकोनॅझोल आणि मॅन्कोझेब ही बुरशीनाशकं, माव्याचं एक औषध आणि वर टॉनिक अशी चार पुडकी-बाटल्या काउंटरवर मांडल्या. शेजारचे अण्णा म्हणतात, फुलावर काही मारलंस तर ओंब्या पोच (दाण्याविना पोकळ) राहतील. लोक-१ मध्ये कुठे कुठे पूर्ण काळ्या पडलेल्या ओंब्याही दिसल्या, हात लावला की काजळी उडते.

फवारावं का? फुलाला खरंच इजा होते का? आणि काळ्या ओंब्यांचं काय?

बांधावरचा (निफाड)

फोटो टाका राव. "आभाळ आलंय" एवढ्यावर औषध सांगायला आम्ही काय दुकान टाकलंय का?

बाकी आम्ही द्राक्षवाले. आभाळ आलं की आमचा हात आपोआप ब्लोअरच्या चावीकडे जातो, त्यामुळे माझा सल्ला या बाबतीत ग्राह्य धरू नये.

जुनाजाणता

फुलोऱ्यात काहीही मारू नये. आमच्या वडिलांनी आयुष्यात गव्हाला फवारणी केली नाही, पोती मोजून दमायचे.

सांगलीवाडीकर

@जुनाजाणता, वडिलांच्या काळात थंडी होळीपर्यंत टिकायची. आणि तांबेरा तेव्हाही होता. १९४६-४७ च्या हंगामात काळ्या तांबेऱ्याने मध्य भारत आणि तेव्हाच्या मुंबई प्रांतातला गहू कसा झोपवला होता, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

पीकरोग्या (राहुरी)

आयुष्यभर वनस्पतींचे रोगच बघितले, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

तुमचे प्रश्न तीन नाहीत, पाच-सहा आहेत, कारण "फुलोऱ्यातली बुरशी" असा एकच रोग नसतो. दुकानात सगळ्यांना मिळून एकच बाटली देतात, तिथेच घोळ होतो.

पहिला तांबेरा. आपल्याकडे चिंता करायची ती याचीच. पानावर विखुरलेले गोल, नारिंगी-तपकिरी फोड असतील तर तो पानावरचा तांबेरा. १५ ते २५ अंश तापमान आणि रात्रभराचं दव त्याला मानवतं, म्हणजे तुमचं आत्ताचं हवामान. खोडावर आणि पानाच्या देठाकडच्या आवरणावर लांबट, विटकरी फोड दिसले आणि पुढे ते काळे पडले, तर तो काळा तांबेरा. त्याला ऊब जास्त लागते, म्हणून तो उशिरा पेरलेल्या गव्हावर फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. पिवळा तांबेरा पंजाब, हरियाणा, जम्मूकडचा. त्याला याहून थंड हवा लागते, आपल्या भागात त्याची भीती नको. मोबाईलवर पिवळ्या पट्ट्यांचे व्हिडिओ बघून फवारणी करू नका.

दुसरी काणी, म्हणजे तुमच्या काळ्या ओंब्या. यावर आता कुठलीच फवारणी चालत नाही. ती बुरशी पेरलं तेव्हाच बियाण्याच्या आत होती.

तिसरं, खालच्या पानांचे शेंडे पिवळे-तपकिरी होऊन वाळणं. तो करपा असू शकतो, नत्राची कमतरता असू शकते, किंवा नुसतं पान म्हातारं झालेलं असू शकतं. वरची दोन पानं हिरवीगार असतील तर त्याच्यासाठी पैसे घालू नका.

आता एक काम करा. सकाळी दव गेल्यावर शेतात आडवं-उभं फिरा. बांधालगतचा भाग, झाडाच्या सावलीतला भाग आणि जिथे युरिया जास्त पडून गहू गर्द झालाय तो भाग आधी बघा. संशय आला त्या पानावरून पांढरं फडकं फिरवा. नारिंगी भुकटी उठली तर तांबेरा, नाही उठली तर दुसरं काहीतरी. दोन्ही वाण वेगळे बघा आणि मग इथे लिहा. तोवर काहीही विकत घेऊ नका.

रानवारा

@पीकरोग्या सर, पण अण्णांचं काय? फुलावर मारलं तर ओंबी पोच राहते, हे मीही ऐकलंय.

पीकरोग्या (राहुरी)

गव्हाचं परागीकरण फुलाच्या आतल्या आतच होतं. बाहेर जे पिवळे परागकोश लोंबताना दिसतात, त्यांचं काम बहुतेक उरकलेलं असतं. मधमाशीची वाट बघणारं हे पीक नाही. त्यामुळे शिफारशीच्या मात्रेत नुसतं बुरशीनाशक मारलं म्हणून दाणे धरत नाहीत, हे खरं नाही. चार गोष्टी एकत्र कालवून भर उन्हात मारल्या तर कुसळं आणि पानांचे शेंडे करपतात, ते वेगळं.

ओंबी पोच राहण्याची कारणं बहुधा दुसरीच असतात. फुलोऱ्यात पाण्याचा ताण, कडाक्याची थंडी, अचानक आलेली उष्णता, बोरॉनची कमतरता. आणि एक खास कारण म्हणजे २,४-डी हे तणनाशक. तणनाशकाचा पंप नीट न धुता तोच बुरशीनाशकाला वापरला किंवा तणनाशकच उशिरा मारलं, तर ओंब्या वेड्यावाकड्या होतात, दाणे भरत नाहीत. अण्णांना विचारा, त्या वर्षी पंप कोणता होता?

बांधावरचा (निफाड)

अण्णा आता गोदाकाठशी बोलणार नाहीत. 😄

गोदाकाठ (कोपरगाव)

आईच्या जुन्या पांढऱ्या ओढणीचा तुकडा घेऊन फिरलो. लोक-१ मध्ये आंब्याच्या झाडाकडच्या कोपऱ्यात वरून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर नारिंगी ठिपके आहेत, फडक्याला भुकटी लागली. सगळ्यात वरच्या पानावर अजून नाही. बाकी वावरात तुरळक. समाधानमध्ये फडकं कोरं. खोडावर दोन्हीकडे काही नाही.

अण्णांना विचारलं. "पंप पंप असतो" असं म्हणाले.

सांगलीवाडीकर

मग वाट कसली बघताय? लोक-१ वर आजच मारा.

आमच्याकडे ऊस तुटून गेल्यावर गहू पेरायचा म्हणजे डिसेंबर उजाडतो. सगळं पुढे जातं, फुलोरा फेब्रुवारीत येतो. मग तांबेरा आणि ऊन एकदमच गाठतात. आम्ही "दिसल्यावर बघू" म्हणणारे नाही. पोटरीतून ओंबी बाहेर पडली आणि आभाळ दिसलं की प्रोपिकोनॅझोलचा एक हात. सरांचं बरोबर आहे की आधी ओळखा, पण लोक-१ लावणाऱ्याने ओळखण्यात आठवडा घालवला तर उरतं काय?

पीकरोग्या (राहुरी)

@सांगलीवाडीकर, तुमच्या भागात, तुमच्या पेरणीच्या तारखेला आणि बळी पडणाऱ्या वाणाला हे मान्य. या हवेत एका फोडापासून पुढचे फोड यायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आज कोपऱ्यात आहे ते दाणा चिकात असताना वावरभर झालेलं असेल. दाणा भरतो तो मुख्यतः सगळ्यात वरच्या पानावर आणि ओंबीवर. ते पान वाचवायचं असेल तर हीच वेळ आहे.

मतभेद एवढाच की तुम्ही हाच नियम सगळ्या वाणांना लावता. समाधान, तपोवन, त्र्यंबक, नेत्रावती ही निफाडची वाणं काय किंवा पुण्याच्या अघारकर संस्थेचं एमएसीएस ६२२२ काय, तांबेऱ्याला तोंड देण्याची ताकद बघूनच बाहेर काढलेली आहेत. फडकं कोरं असताना त्यांच्यावर मारणं म्हणजे दुकानदाराला दिवाळी. अर्थात बुरशीही बदलते, म्हणून नजर ठेवायची. पण नजर ठेवणं फुकट आहे.

गोदाकाठ: लोक-१ पूर्ण एकरावर फवारा, नुसता कोपरा नको. समाधान सोडा, पाच-सहा दिवसांनी पुन्हा फडकं फिरवा.

चंद्रमौळी

एक बावळट प्रश्न. आपल्याकडे मे महिन्यात ४२ अंशांत काही जगत नाही, मग हा तांबेरा दर वर्षी येतो कुठून?

पीकरोग्या (राहुरी)

बावळट अजिबात नाही. आग्रा कॉलेजातले प्रा. करमचंद मेहता यांनी यावरच वर्षानुवर्षं काम केलं, १९४० मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. युरोप-अमेरिकेत काळ्या तांबेऱ्याला बार्बेरी नावाच्या झुडपाचा आधार मिळतो. आपल्याकडे त्या झुडपाचा काही संबंध नाही, असं त्यांनी दाखवलं. मैदानात उन्हाळ्यात हे बीजाणू मरतात. थंड डोंगरांवर मात्र गहू जवळपास वर्षभर कुठे ना कुठे उभा असतो, तिथे बुरशी तगते आणि हिवाळ्यात वाऱ्यावर खाली येते. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीचे डोंगर, उत्तरेत हिमालय. काळा तांबेरा मुख्यतः दक्षिणेकडून, पानावरचा दोन्हीकडून. नोव्हेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात वादळं होतात, ती हे बीजाणू मध्य भारतावर आणून पावसाबरोबर खाली टाकतात, असंही पुढे अभ्यासात दिसलं. महाबळेश्वरला राहुरी विद्यापीठाचं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, तेही तिथल्या थंड आणि दमट हवेमुळेच.

बांधावरचा (निफाड)

म्हणजे स्ट्रॉबेरी खायला जातो तिथे तांबेरा पाळून ठेवलाय? बायकोला सांगत नाही.

विनिपेगकर

मी कॅनडातल्या मॅनिटोबात धान्य तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. मूळ गाव जालना जिल्ह्यात, वाचतो रोज, लिहितो क्वचित. हा धागा बघून राहवलं नाही.

इथे फुलोऱ्यातली फवारणी म्हटलं की विषय एकच, फ्युझेरियम नावाची बुरशी. ओंबीतून परागकोश बाहेर पडले आणि दोन-तीन दिवस पाऊस-दमट हवा राहिली की बुरशी त्या फुलातूनच आत शिरते. हिरव्या ओंबीचा अर्धा भाग अचानक पांढरा पडतो, वर गुलाबी छटा येते. दाणे खडूसारखे पांढरे आणि सुरकुतलेले. नुकसान नुसतं उताऱ्याचं नाही. दाण्यात डॉन (डीऑक्सिनिव्हॅलेनॉल) नावाचं विष तयार होतं, डुकरांना त्याने उलट्या होतात. अमेरिकेत तयार गव्हाच्या पदार्थांसाठी त्याची मर्यादा दहा लाख भागांत एक भाग एवढी सुचवलेली आहे. १९९३ मध्ये इथल्या रेड नदीच्या खोऱ्यात, अमेरिकेच्या बाजूलाही, हाहाकार झाला होता.

त्यामुळे इथले शेतकरी फुलोरा सुरू होताच ट्रायझोल गटातलं औषध मारतात, म्हणजे तुमच्या प्रोपिकोनॅझोलच्या भावकीतलं. ऐन फुलावर. दाणे धरतात, अण्णांना सांगा. पण स्ट्रोबिल्युरिन गटातली औषधं या वेळी टाळतात, कारण त्याने दाण्यातलं विष वाढल्याचं काही चाचण्यांत दिसलंय.

रानवारा

बापरे. हे आपल्याकडे आलं तर?

पीकरोग्या (राहुरी)

@विनिपेगकर, छान लिहिलंत. @रानवारा, हा रोग भारतात आहे, पण तो निलगिरीतल्या वेलिंग्टनसारख्या किंवा हिमाचलच्या ओल्या, थंड डोंगरांवर जास्त दिसतो. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत दुपारची हवा इतकी कोरडी असते की त्याला बस्तान बसवता येत नाही. पंजाब-हरियाणातला कर्नाल बंट हा दाण्याचा रोगही फुलोऱ्याच्या सुमारास शिरतो आणि फेब्रुवारीचा पाऊस त्याला लागतो, तिथे निसवताना प्रोपिकोनॅझोल मारतात. तुमच्या दुकानदाराने हे ऐकलेलं असणार, फक्त जिल्हा बदलला.

आणि कुणी विचारायच्या आधीच: गव्हाचा ब्लास्ट, ओंबी पांढरी पाडणारा बुरशीचा रोग. १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये सापडला, २०१६ मध्ये बांगलादेशात उतरला, तिथे सुमारे १५ हजार हेक्टरला फटका बसला. त्यानंतर पश्चिम बंगालच्या नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गहू पेरायला काही काळ बंदी घातली होती. महाराष्ट्रात पांढरी ओंबी दिसली की ब्लास्ट म्हणून ओरडू नका. आधी ती उपटून बघा. सहज निघाली आणि बुडाशी कुरतडलेली असली तर खोडकिडा.

ओंबीवाला (अमरावती)

आमच्याकडं तं गेल्या साली अवकाळी पाण्यानं पुरा गहू वरून काळा पडला होता भाऊ. कापायला आला तवा. सारे म्हणे काणी आली.

पीकरोग्या (राहुरी)

ती काणी नव्हे. पिकलेल्या ओंबीवर पाऊस पडला की साधी काळी बुरशी टरफलावर वाढते. मावा असला आणि त्याचा चिकटा ओंबीवर पडला असला तर अजूनच. दाणा आतून बहुतेक ठीक असतो, रंग थोडा मळतो आणि व्यापारी त्याचे पैसे कापतो. काणीत दाणाच नसतो, नुसती भुकटी. आणि ती निसवतानाच दिसते, कापणीला नव्हे.

खपलीप्रेमी (मिरज)

सगळे लोक-१ वर तुटून पडलात. खपली लावा आणि निवांत झोपा. तांबेरा तिच्या वाटेला फारसा जात नाही. डीडीके १०२५ म्हणा, एमएसीएस २९७१ म्हणा. पाणी कमी असलं तरी तग धरते, भावही वेगळा मिळतो. आणि खपलीची खीर खाल्ली नसेल तर तुमचा जन्म अजून सुरू व्हायचाय.

जुनाजाणता

खीर ठीक. रोजच्या पोळीला कोण खपली दळतो? आणि वरची खपली काढून देणारी गिरणी शोधत हिंडायचं ते वेगळं.

खपलीप्रेमी (मिरज)

आमच्याकडे तीन गिरण्या आहेत. तुम्ही या, खीर आमच्याकडे.

संपादक मंडळ

खिरीसाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. (आणि काढलात तर दुवा इथे द्या.)

ड्रोनदीदी (सिन्नर)

फवारणी कशाने करणार आहात, गोदाकाठ? मी बचत गटाच्या ड्रोनने करते. आमचं एकरी साधारण दहा लिटर पाण्यात होतं. लोक म्हणतात, पाणी कमी तर औषधही कमी घाला. तसं नसतं. औषध एकराच्या हिशेबाने घ्यायचं.

पीकरोग्या (राहुरी)

अगदी नेमका मुद्दा काढलात ताई. पाठीवरच्या पंपाने मारणारेही इथेच फसतात. प्रोपिकोनॅझोल २५ ईसीच्या लेबलवर गव्हासाठी हेक्टरी ५०० मिली आहे, म्हणजे एकरी २००. "लिटरला एक मिली" हे गणित एकरी २०० लिटर पाणी पडलं तरच जुळतं. १६ लिटरचा पंप धरला तर साडेबारा पंप झाले. प्रत्यक्षात गडी सहा पंपांत एकर उरकतो. सहा सोळं शहाण्णव. म्हणजे निम्मंच औषध पडलं, आणि मग "औषधात दम नाही" म्हणून आठ दिवसांनी दुसरी बाटली.

पोकळ कोन (हॉलो कोन) नोझल घ्या, झाकणाने अंदाजे ओतू नका. मॅन्कोझेब सोबत घालायची गरज नाही. माव्याचं औषधही मावा दिसल्याशिवाय नको. ढालकिडे फिरत असतील तर ते स्वतःच बराचसा फडशा पाडतात. टॉनिकबद्दल बोललो तर भांडण होईल.

बांधावरचा (निफाड)

बोला ना. आम्ही दरवर्षी टॉनिकात एक मोटरसायकल बुडवतो.

गोदाकाठ (कोपरगाव)

आज सकाळी दव ओसरल्यावर लोक-१ वर २०० मिली, तेरा पंप. पंप आधी साबणाने दोनदा धुतला, अण्णा बांधावरून बघत होते. दुकानदाराकडून एकच बाटली घेतली, त्याचा चेहरा पडला.

पुढचं पाणी तुषारने द्यायचं होतं. चालेल का? आणि काळ्या ओंब्यांचं राहिलंच.

सांगलीवाडीकर

तुषार सकाळी उशिरा सुरू करून दुपारी बंद करा, संध्याकाळपर्यंत पानं वाळली पाहिजेत. संध्याकाळी लावलात तर दवाला आणखी बारा तास जोडून दिल्यासारखं. सरीने किंवा साऱ्याने जमत असेल तर उत्तमच. वारं असलं की पाणी देऊ नका, ओंबी जड झालीय, गहू लोळेल.

पीकरोग्या (राहुरी)

काळ्या ओंब्या: सकाळी, दव असतानाच, कागदी किंवा प्लास्टिकची पिशवी वरून अलगद चढवा, खाली चिमटा आणि तोडा. दव असलं की भुकटी कमी उडते. शेताबाहेर जाळा किंवा पुरा. ही भुकटी आत्ता शेजारच्या निरोगी ओंब्यांच्या उघड्या फुलांत शिरते. तो दाणा दिसायला टपोरा आणि चांगला, पण आत बुरशी झोपलेली. पुढच्या वर्षी पेरला की तुमच्या हातात पुन्हा काजळी.

म्हणून लोक-१ चं घरचं बियाणं यंदा शक्यतो ठेवू नका. आईंच्या पोळीला बिनधास्त दळा. ठेवायचंच असेल तर पेरताना किलोला अडीच ग्रॅम कार्बोक्सिन हे बुरशीनाशक चोळा. औषध नको असेल तर पंजाबात लुथ्रा आणि सत्तार यांनी १९३४ मध्ये दिलेली पद्धत आहे: मे-जूनच्या कडक उन्हाच्या दिवशी सकाळी आठ ते बारा बी पाण्यात भिजवायचं, त्या ओलाव्याने आतली बुरशी जागी होते. मग दुपारभर फरशीवर पातळ पसरून कडकडीत वाळवायचं, उन्हाने ती मरते. आभाळाच्या दिवशी हा प्रयोग करू नका, बीच मोड येऊन जाईल. पूर्ण वाळल्याशिवाय कोठीत भरू नका.

चंद्रमौळी

नुसतं ऊन आणि पाणी! हे फुकट आहे म्हणून कुणी सांगत नाही बहुतेक.

गोदाकाठ (कोपरगाव)

आठवडा झाला. लोक-१ चे फोड सुकल्यासारखे तपकिरी दिसतायत, वरचं पान स्वच्छ आहे. समाधानमध्ये दोन पानांवर बारीक ठिपके सापडले, पण भुकटी उठत नाही, भोवती पिवळसर कडा आहे.

पीकरोग्या (राहुरी)

तो झाडाने दिलेला प्रतिकार आहे. बुरशी आली, पण झाडाने तिथेच कोंडली. समाधानला हात लावू नका. लोक-१ वर नवे फोड दिसले तरच पंधरा दिवसांनी दुसरी फवारणी, एरवी नको.

रानवारा

आता महत्त्वाचं. ओंब्या भाजायला कधी यायचं?

पीकरोग्या (राहुरी)

लेबलवर फवारणी ते काढणी ३० दिवसांचं अंतर आहे. लोक-१ च्या ओंब्या तोवर भाजण्याच्या पुढे गेलेल्या असतील. समाधानच्या खा, त्यावर काहीच मारलेलं नाही.

गोदाकाठ (कोपरगाव)

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरा. गोवऱ्या आहेत, चटणी आई करेल. अण्णांच्या बांधावर गाड्या लावू नका.